ऋतुनिवृत्तीनंतरची मनोलक्षणे व वनस्पतिज औषधे

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबणे म्हणजे ऋतुनिवृत्ती. सलग बारा महिने पाळी न आल्यास ती झाली असे धरतात. पाश्चात्त्य देशांत तिचे सरासरी वय सु. ५१ वर्षे असून भारतात ते त्याहून काही वर्षांनी कमी आढळते. या काळात अंडकोशांतील स्त्रीमदजन म्हणजेच ईस्ट्रोजेन या हॉर्मोनाची निर्मिती प्रथम अनियमित व पुढे अत्यल्प होते. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोप मोडणे या शारीरिक लक्षणांबरोबरच चिडचिड, हुरहूर, उदासी, कारणावाचून रडू येणे, विसरभोळेपणा, कशातच मन न लागणे अशी मनोलक्षणेही काही स्त्रियांत दिसतात. त्यांवर मुळे, बिया वा फुले यांचे काढे, अर्क व गोळ्या घेण्याची प्रथा पुष्कळ समाजांत आहे. तथापि या प्रथेचा सलग लिखित इतिहास मुख्यत्वे उत्तर अमेरिका व जर्मनी येथला असून ब्लॅक कोहोश ही एक रानटी ओषधी त्याच्या केंद्रस्थानी आहे. वैद्यांवरील स्त्रियांचा विश्वास ज्या ज्या वेळी ढळला, त्या त्या वेळी या मुळीची मागणी वाढली, असे या इतिहासात वारंवार दिसून येते. उदासीवर तिचा खरोखर उपयोग होतो की नाही, याची काटेकोर तपासणी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ झालीच नव्हती.

रोगाची कल्पना : आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी व क्षय पन्नाशीला होतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. तो क्षय तेथे देह पिकल्याचा परिणाम मानलेला असून त्याला स्वतंत्र रोगाचे स्थान दिलेले नाही. महाराष्ट्रात ‘पाळी जाणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि जुन्या वळणाच्या घरांत ती घटना विटाळाच्या बंधनांतून झालेली सुटका म्हणूनही पाहिली जाई. राजस्थान व हिमाचल प्रदेश येथील ४८३ रजपूत स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला मार्शा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ विदुषीचा लेख १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेल्यावर पडद्याबाहेर येण्याची व वडीलधाऱ्यांत बसण्याची मोकळीक मिळणाऱ्या या स्त्रियांत तक्रारी फारच थोड्या आढळल्या, असा तिचा निष्कर्ष होता. पुढील भारतीय पाहण्यांत सांधेदुखी, थकवा व झोपेच्या तक्रारी बऱ्याच आढळल्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही; परंतु समाजात मिळणारे स्थान व मनाची अवस्था यांचा संबंध त्याने प्रथम ठळकपणे पुढे आणला.

यूरोपात ‘मेनोपॉज’ ही संज्ञा शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याच्या १८२१ मधील ग्रंथाच्या शीर्षकामुळे रूढ झाली. लंडनमधील एडवर्ड टिल्ट याने १८५७ मध्ये या विषयावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. या काळातील मनःक्षोभावर तो अफू, कापूर, खुरासानी ओवा अशी शामक द्रव्ये देई. १८९६ मध्ये एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ञाने उतारवयातील विषण्णता हा निराळा मनोविकार मानला आणि पाळी जाणे व वेडसरपणा यांची सांगड वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पक्की बसली. ती सैल होण्यास सु. ८० वर्षे लागली. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये काढलेल्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीतून हा विकार वगळण्यात आला. त्यानंतर दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांवरून, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ पासून सुरू झालेल्या बहुकेंद्री पाहणीवरून, निराळेच चित्र पुढे आले. पाळी अनियमित होऊ लागल्यापासून ती थांबल्यानंतरच्या एकदोन वर्षांपर्यंत उदासीची लक्षणे वाढण्याचा संभव अधिक असतो. पूर्वी अवसाद होऊन गेलेल्या, झोप मोडणाऱ्या अथवा घरगुती ताणाखाली असलेल्या स्त्रियांत तो विशेष असतो. पुढे बहुतेकींची लक्षणे आपोआप ओसरतात. हे शेवटचे निरीक्षण औषधांच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जी पीडा काळाने उतरते, तिच्यावर त्या सुमारास घेतलेले कोणतेही औषध गुणकारी वाटते.

ब्लॅक कोहोश : मोरवेल कुलातील या बहुवर्षायू ओषधीचे शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिया रॅसिमोझा असे असून पूर्वी ती सिमिसिफ्यूगा रॅसिमोझा या नावाने ओळखली जाई. उग्र वासामुळे ढेकूण पळतात, अशा समजुतीवरून हे जुने प्रजातिनाम पडले. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ अरण्यांत दाट सावलीत ती वाढते. उन्हाळ्यात तिच्यावर पांढऱ्या फुलांचे उंच तुरे येतात. जमिनीखालील काळसर, गाठाळ मूलक्षोड औषधी आहे. चेरोकी व इरोक्वाय इ. मूळ रहिवासी सांधेदुखी, खोकला व स्त्रियांच्या काही तक्रारींवर त्याचा काढा घेत. संयुक्त संस्थानांच्या औषधिकोशात १८२० पासून १९२६ पर्यंत तिचा अंतर्भाव होता.

या मुळीला मान्यता मिळवून दिली ती एक्लेक्टिक या वैद्यपंथाने. रक्त काढणे, पारदयुक्त रेचके देणे अशा तत्कालीन जहाल उपचारांना विरोध करून देशी वनस्पतींवर भर देणाऱ्या या पंथाचे प्रमुख केंद्र सिनसिनॅटी येथे होते. त्यातील जॉन किंग (१८१३–९३) याने या मुळीचा संधिवात व मज्जाविकारांवर पुष्कळ उपयोग केला. त्याच्या अनुयायांनी तिला मॅक्रोटिस या नावाने स्त्रीरोगांत आणले. होमिओपॅथीनेही ती उचलली. काळ्या ढगाने आपणास वेढले आहे अशी भावना, वेड लागेल अशी भीती आणि पाळी जाण्याच्या वयातील खिन्नता ही लक्षणे होमिओपॅथीच्या द्रव्यगुणग्रंथांत या औषधाखाली दिली जातात. भारतात, महाराष्ट्र धरून, ही अमेरिकन वनस्पती प्रथम पोहोचली ती याच वाटेने. ‘सिमिसिफ्यूगा’ची साबुदाण्याएवढी गोळी घेणाऱ्यांना ती कोणत्या झाडाची आहे हे बहुधा ठाऊक नसे. उच्च विरलतेच्या अशा गोळीत मूळ द्रव्य जवळजवळ नसतेच. त्यामुळे तिचा अनुभव मुळीच्या अर्काला लागू करता येत नाही.

लिडिया पिंकमचे मिश्रण : मॅसॅचूसेट्स राज्यातील लिन या जोडे बनविणाऱ्या गावी राहणारी लिडिया एस्टेस पिंकम (१८१९–८३) ही पूर्वाश्रमीची शिक्षिका गुलामगिरीविरोधी व मद्यपानविरोधी चळवळींत वाढलेली होती. स्त्रियांच्या दुखण्यांवर एक काढा करून ती शेजारणींना फुकट देत असे. १८७३ च्या आर्थिक अरिष्टात पतीचा व्यवसाय बुडाला आणि १८७५ मध्ये कुटुंबाने तो काढा एका डॉलरला एक बाटली या दराने विकावयास काढला. त्यात ब्लॅक कोहोशखेरीज अमेरिकेतील आणखी तीन वनस्पतींची मुळे व मेथीचे दाणे असत. वजनात सर्वांत जास्त मेथीच होती. हे सर्व सु. १८ टक्के अल्कोहॉलात मुरविलेले असे. मद्यपानाच्या शत्रूंना हे खपवून घ्यावे लागले, कारण अल्कोहॉल द्रावक व परिरक्षक म्हणून आवश्यक आहे असा खुलासा केला जाई.

या औषधाचा प्रचंड खप समजून घेण्यासाठी त्या काळच्या वैद्यकाकडे पाहिले पाहिजे. १८७२ मध्ये जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी या शस्त्रवैद्याने पाळीच्या व मज्जासंस्थेच्या तक्रारींवर अंडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि पुढील २०–२५ वर्षे ती यूरोप-अमेरिकेत सर्रास केली गेली. निर्जंतुकीकरण नीट रूढ होण्यापूर्वी पोट उघडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. शिवाय पुरुष डॉक्टरापुढे अशा तक्रारी बोलण्याचा संकोच होताच. पिंकमच्या जाहिराती नेमके हेच हेरून होत्या. १८७९ पासून त्यांत तिचा स्वतःचा चेहरा छापला जाऊ लागला. शांत, वडीलकीचा असा तो चेहरा देशातील सर्वांत परिचित स्त्रीमुख बनला. स्त्रियांनी तिला पत्रे लिहावीत, ती पुरुषाच्या दृष्टीस पडणार नाहीत, असे आश्वासन असे. हजारो स्त्रियांनी पत्रे लिहिली व त्यांना उत्तरे मिळाली. आहार, स्वच्छता, व्यायाम यांविषयीचा सल्ला या उत्तरांत असे, आणि तो तत्कालीन पुष्कळ वैद्यांच्या सल्ल्यापेक्षा शहाणपणाचा होता. मासिक पाळी व ‘आयुष्यातील पालट’ यांविषयी सरळ भाषेत माहिती देणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकांनी तर लैंगिक शिक्षणाचेच काम केले. बाटलीतील मुळ्यांनी किती जणींची उदासी गेली आणि कोणीतरी ऐकून घेतले म्हणून किती जणींची गेली, हे वेगळे काढण्याचा मार्ग उरलेला नाही.

पिंकम १८८३ मध्ये वारली; पत्रांची उत्तरे मात्र तिच्याच नावाने जात राहिली. १९०५ मध्ये एडवर्ड बॉक या संपादकाने लेडीज होम जर्नल या मासिकात तिच्या थडग्याचे छायाचित्र छापून ही बनवाबनवी उघड केली. १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने अल्कोहॉलाचे प्रमाण बाटलीवर छापणे भाग पडले. तरीही खप घटला नाही; १९२० नंतरच्या काही वर्षांत तो उच्चांकास पोहोचला. मिश्रणातील लाइफ रूट ही वनस्पती ज्या सेनेसिओ प्रजातीतील म्हणून त्या वेळी ओळखली जाई, तिच्यातील अल्कलॉइडे यकृताला घातक असतात हे नंतर कळले.

हॉर्मोनयुग : १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून मिळविलेल्या स्त्रीमदजनांची प्रेमारिन ही गोळी अमेरिकेत विक्रीस आली आणि वनस्पतिज औषधे मागे पडली. गरम वाफांवर ती निर्विवाद गुणकारी होती. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने १९६६ मधील आपल्या लोकप्रिय पुस्तकात ऋतुनिवृत्ती हा हॉर्मोनाच्या उणिवेचा रोग ठरवून चिरतारुण्याची हमी दिली. १९७५ मध्ये या गोळ्या व गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे दोन लेख प्रसिद्ध होताच हॉर्मोनांना पहिला धक्का बसला. त्यांच्यासोबत प्रोजेस्टिन देऊन तो धोका टाळता येतो असे दिसल्यावर ती पुन्हा सावरली. दुसरा धक्का मोठा होता. महिला आरोग्य उपक्रम या नावाने चाललेल्या शासकीय चाचणीतील १६,६०८ स्त्रियांचा भाग ९ जुलै २००२ रोजी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. संयुक्त हॉर्मोने घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृद्‌रोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण अधिक आढळले होते. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि पन्नाशीतील स्त्रियांना हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ही गोष्ट पुढील विश्लेषणांत स्पष्ट झाली. दरम्यान लक्षावधी स्त्रियांनी गोळ्या सोडल्या होत्या व औषधांच्या दुकानांतील वनस्पतिज पूरकांच्या फळ्या भरून गेल्या होत्या. पिंकमच्या काळाप्रमाणेच या वेळीही दवाखान्याविषयीच्या भीतीने स्त्रियांना मुळीकडे नेले.

वनस्पती व हॉर्मोन यांतील सीमारेषा मात्र लोक समजतात तितकी स्वच्छ नाही. रसेल मार्कर (१९०२–९५) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानकंदांमधील डायोसजेनीन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरोन तयार करण्याची कृती शोधली आणि १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही कंपनी त्यावर उभी राहिली. हे कंद डायोस्कोरिया प्रजातीतील असून कोकणात आवडीने खाल्ले जाणारे कोनफळ त्यांच्याच गोतातले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस रानकंदाची मलमे ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरोन’ म्हणून विकली जाऊ लागली. डायोसजेनीनाचे रूपांतर प्रयोगशाळेत होते; मानवी शरीरात ते घडवून आणणारी एंझाइमे नाहीत. कोनफळ खाऊन जेवढे प्रोजेस्टेरोन मिळेल तेवढेच अशा मलमातून मिळते, म्हणजे मुळीच नाही.

जर्मनीतील पुनरुज्जीवन : अमेरिकेत विस्मृतीत जाऊ लागलेली ब्लॅक कोहोश जर्मनीत टिकून राहिली. तिच्या प्रमाणित अर्काचे रेमिफेमिन हे औषध तेथे १९५६ मध्ये विक्रीस आले. जर्मन वैद्य वनस्पतिज औषधे नेहमीच्या चिकित्सेत लिहून देत असल्यामुळे त्याचा वापर वाढला. १९७८ मध्ये नेमलेल्या ‘आयोग ई’ या तज्ञमंडळाने १९८९ मध्ये पाळीपूर्व त्रास, पाळीतील वेदना व ऋतुनिवृत्तीतील मज्जाजन्य तक्रारी यांसाठी दिवसाला ४० मिग्रॅ. मुळीएवढ्या मात्रेस मान्यता दिली आणि सहा महिन्यांहून अधिक काळ ती घेऊ नये असे सुचविले. यूरोपीय संघाच्या वनस्पतिज औषध समितीने दिलेल्या मान्यतेत गरम वाफा व अतिघाम यांचा निर्देश आहे, खिन्नतेचा नाही.

मुळीतील द्रव्ये स्त्रीमदजनांसारखे कार्य करतात, असे आरंभी मानले जाई. पुढे हा तर्क टिकला नाही. १९८५ मध्ये तिच्यात सापडल्याचे सांगितलेले फॉर्मोनोनेटीन हे द्रव्य नंतरच्या काटेकोर विश्लेषणांत मिळाले नाही. २००३ मध्ये शिकागो येथील संशोधकांना तिच्या अर्कातील घटक मेंदूतील सिरोटोनिनाच्या काही ग्राहींना चिकटतात असे आढळले. मनःस्थितीवरील परिणामाला त्यामुळे काही आधार मिळाला, परंतु तो परीक्षानळीतील आधार होता.

चाचण्यांचे निष्कर्ष : अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वर्षभराच्या चाचणीत ४५ ते ५५ वयाच्या ३५१ स्त्रियांचे पाच गट केले होते. ब्लॅक कोहोश, अनेक वनस्पतींचे मिश्रण, त्या मिश्रणासोबत सोयायुक्त आहाराचा सल्ला, हॉर्मोने आणि औषधाचा अंश नसलेली तशीच दिसणारी गोळी, म्हणजे प्लॅसिबो, असे ते गट होत. गरम वाफा व घाम यांवर हॉर्मोनांचा परिणाम स्पष्ट दिसला. वनस्पतींचा प्लॅसिबोहून वेगळा दिसला नाही. ऋतुनिवृत्तीतील चिंताविकारावर ब्लॅक कोहोश देऊन पाहिलेल्या २००९ मधील चाचणीतही लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तीत केवळ २८ स्त्रिया होत्या आणि एवढ्या लहान चाचणीवरून ठाम नकारही देता येत नाही. कॉक्रेन या पुनर्विलोकन संस्थेने २०१२ मध्ये १६ चाचण्यांतील २,०२७ स्त्रियांची माहिती एकत्र करून पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला. प्लॅसिबोचे सामर्थ्यही या चाचण्यांतून कळले. हॉर्मोनांच्या चाचण्यांचे जे पुनर्विलोकन झाले, त्यात प्लॅसिबो घेणाऱ्यांच्याही गरम वाफा सु. ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. यावरून पिंकमला आलेली कृतज्ञतेची पत्रे खोटी होती असे मानण्याचे कारण उरत नाही.

मनोलक्षणांच्या बाबतीत आशादायक ठरलेली चाचणी जर्मनीतली आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३०१ स्त्रियांना १६ आठवडे ब्लॅक कोहोश व सेंट जॉन्स वर्ट यांचे मिश्रण अथवा प्लॅसिबो देण्यात आला. अवसादाचे गुणांक मिश्रणाने सु. ४२ टक्क्यांनी व प्लॅसिबोने सु. १३ टक्क्यांनी उतरले. यातील श्रेय बहुधा दुसऱ्या वनस्पतीचे असावे. पिवळ्या फुलांची ही यूरोपीय ओषधी २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास फुलते म्हणून तिला हे नाव मिळाले आहे. सौम्य व मध्यम अवसादावर तिचा उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. तीव्रतर अवसादाच्या ३४० रुग्णांवरील अमेरिकेतील २००२ च्या चाचणीत मात्र ती प्लॅसिबोहून सरस ठरली नाही. तुलनेसाठी दिलेले सर्ट्रलीन हे प्रचलित औषधही त्या चाचणीत मुख्य कसोटीवर सरस ठरले नाही, हे सहसा सांगितले जात नाही.

या वनस्पतीचा खरा धोका निराळा आहे. यकृतातील औषधांचा निचरा करणाऱ्या एंझाइमांना ती उत्तेजित करते व त्यामुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. २००० मध्ये तिच्यामुळे सायक्लोस्पोरिनाचे प्रमाण खालावून दोन हृदयरोपण रुग्णांत रोपित हृदय नाकारले जाऊ लागल्याचे प्रसिद्ध झाले. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनाही ती घातक ठरू शकते. अवसादरोधी औषधासोबत घेतल्यास सिरोटोनिनाचा अतिरेक होऊन गंभीर विकार उद्‌भवू शकतो. पन्नाशीपुढील स्त्री अनेकदा रक्तदाब, मधुमेह इत्यादींची औषधे घेतच असते. ‘झाडपाला’ हे औषध नव्हे अशा समजुतीने ती त्याचा उल्लेख डॉक्टरापुढे करीत नाही.

ब्लॅक कोहोश घेणाऱ्या काही स्त्रियांना यकृतदाह झाल्याच्या नोंदींवरून ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व यूरोपीय संघ यांच्या औषध नियंत्रकांनी २००६ मध्ये इशारे दिले. दोष मुळीचा की भेसळीचा, हा वाद मिटलेला नाही. ही वनस्पती बव्हंशी रानातून खणून आणली जाते आणि तिच्या आशियाई भाऊबंदांची मुळे स्वस्त मिळतात. अमेरिकेतील दुकानांतून घेतलेल्या ३६ नमुन्यांची आनुवंशिक तपासणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९ नमुन्यांत ब्लॅक कोहोशऐवजी आशियाई जाती निघाल्या. १९९४ च्या अमेरिकन कायद्यानुसार अशी उत्पादने आहारपूरके ठरत असल्याने विक्रीपूर्वी त्यांची गुणकारिता सिद्ध करावी लागत नाही.

सोयाबीन व मेंढ्या : वनस्पतींत स्त्रीमदजनांसारखी द्रव्ये असू शकतात, हे ठळकपणे ध्यानात आले ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांमुळे. १९४० नंतरच्या काही वर्षांत तेथील एका क्लोव्हर जातीच्या कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या; त्याचे कारण त्या गवतातील फॉर्मोनोनेटीन हे आयसोफ्लॅव्होन ठरले. जपानी स्त्रियांना गरम वाफांचा त्रास कमी का, या प्रश्नाला १९९२ मध्ये फिनलंडच्या हेरमान आड्लरक्रॉइट्स याने सोयाबीनमधील आयसोफ्लॅव्होनांचे उत्तर सुचविले. मार्गारेट लॉक या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की जपानी स्त्रिया या वयात खांदे आखडणे व डोके जड होणे यांचीच तक्रार अधिक करतात आणि त्यांच्या भाषेत गरम वाफांसाठी नेमका शब्दही नव्हता. सोयाबीनच्या गोळ्यांनी वाफा थोड्या कमी होतात असे काही चाचण्यांत दिसले; मनःस्थितीविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. आतड्यातील जंतू आयसोफ्लॅव्होनापासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य बनवू शकतात. ती क्षमता सर्वांत नसते, हे या विसंगतीचे एक कारण असू शकेल.

भारतातील स्थिती : शतावरी, अश्वगंधा, अशोक, ब्राह्मी व जटामांसी ही नावे भारतातील ‘मेनोपॉज’च्या गोळ्यांवर आढळतात. अशोकारिष्ट हे मूलतः अतिरिक्त रक्तस्रावावरील औषध होय. शतावरी बल व स्तन्य यांसाठी, तर अश्वगंधा क्षीणता व निद्रानाश यांसाठी वापरली जाई. ग्रंथांत रजोनिवृत्ती हा रोगच नसल्यामुळे तिच्यावर योगही सांगितलेला नाही. आजची ही योजना आधुनिक वैद्यांची व उत्पादकांची आहे. तीत वावगे काही नाही, मात्र तिला सहस्रावधी वर्षांच्या अनुभवाचा हवाला देता येत नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत पाळीचे व गर्भाशयाचे विकार तसेच सर्वसाधारण स्त्रीरोग यांचा समावेश असल्याने असे रोग बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. ‘स्त्रियांचे टॉनिक’ या मोघम शब्दाला जाहिरातींत एवढी बरकत आली, तिचे हे एक कारण असावे.

अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काची हैदराबाद येथे पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरील १०० स्त्रियांवर ८ आठवडे चाचणी घेण्यात आली व ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. प्लॅसिबोच्या तुलनेने मानसिक लक्षणांसह एकूण त्रास कमी झाल्याचे तीत आढळले. चाचणी लहान व अल्पकालीन असल्याने तिची पुनरावृत्ती होणे अवश्य आहे. दुसरीकडे, अश्वगंधा घेणाऱ्यांत कावीळ झाल्याच्या काही नोंदी आइसलँड व भारतातूनही प्रसिद्ध झाल्या आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये आहारपूरकांतील तिच्या वापरावर बंदी घातली. अवटू ग्रंथीचे विकार असणाऱ्यांनी ती वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. आयुर्वेदीय परंपरेत प्रामुख्याने मुळाचा वापर असताना काही उत्पादक पानांचा स्वस्त अर्क मिसळू लागले होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये त्यांना पाने वापरण्याचे टाळण्याची सूचना दिली.